लाथ मारणारं शिंगरू

दोरी हिसका मारून अण्णांच्या हातातून सुटली आणि मागच्या जास्वंदीच्या कुंडीवर जाऊन आपटली. अण्णा दोन पावलं मागे गेले, कसाबसा तोल सावरला आणि मनगट चोळत ओरडले, "मारली बघा लाथ! पुन्यांदा मारली!"

मी आणि दादा, म्हणजे माझे वडील, नेमके त्याच क्षणी फाटकातून आत शिरत होतो. मुलाखतीला जाण्याची ही काही शुभ वेळ नव्हे, एवढं मला तेव्हाही कळलं.

त्र्याऐंशी सालची गोष्ट. कराडजवळ, कोयनेच्या काठाला अण्णा शेडग्यांची रोपवाटिका होती. आंबा, चिकू, गुलाब, शोभेची झाडं, सगळं मिळून आठ एकर. आणि मधल्या वाटांवरून मातीच्या नि रोपांच्या गाड्या ओढायला एक बुटका बागेतला ट्रॅक्टर. परदेशी बनावटीचा, पेट्रोलवर चालणारा, एका सिलिंडरचा, इंजिनाच्या चाकाला दोरी गुंडाळून ओढली की चालू होणारा. कुठल्याशा मोडीत निघालेल्या फार्मच्या लिलावात अण्णांनी तो हौसेनं घेतला होता. उंचीला जेमतेम माझ्या कमरेएवढा. म्हणून सगळे त्याला शिंगरू म्हणायचे. गेल्या वर्षभरात तो लाथा मारायला लागला आणि नाव अगदीच शोभायला लागलं.

दादांनी सायकल लिंबाच्या झाडाला टेकवली आणि टोपी सरळ केली. ते आमच्या गावचे पोस्टमन. त्या दिवशी रजा होती, तरी अंगात खाकीच होती, कारण चांगला सदरा तोच.

"या पोस्टमन," अण्णा म्हणाले. "कुणाचं पत्र?"

"पत्र न्हाई जी. बाजारात तुमची पाटी वाचली. मशीन दुरुस्तीला माणूस पायजे म्हणून."

"मग? कुठाय पोरगा?" अण्णांनी आमच्या मागे फाटकाकडे पाहिलं.

"पोरगी हाय. ही. शालन."

अण्णांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी पिशवीतून सर्टिफिकेट काढून पुढे केलं. आयटीआयचा दोन वर्षांचा मोटार मेकॅनिकचा कोर्स. वर्गात एकोणतीस मुलगे आणि मी, आणि पहिला नंबर माझा. हे मी चार गॅरेजांत सांगून आले होते. चारही ठिकाणी चहा मिळाला, काम नाही. आईनं त्या सकाळी निक्षून बजावलं होतं, "आज पाचवं ठिकाण. आज न्हाई म्हटले तर उद्यापासनं शिलाईच्या क्लासला जायाचं. शिलाई मशीन बी मशीनच असतंय." तसा शब्द दादांनीही आईला दिला होता, आणि दादा शब्द मोडत नसत. एकूण काय, माझं सगळं त्या दुपारवर येऊन ठेपलं होतं.

ट्रॅक्टरशेजारी पालथ्या घमेल्यावर एक म्हातारा बिडी ओढत बसला होता. मांडीवर पत्र्याची पेटी, पेटीवर दोन्ही हात.

"हे आमचं ज्ञानू मिस्त्री," अण्णा म्हणाले. "हातात जादू हाय. पर आता डोळं साथ देत न्हाईत, म्हणून जोडीला माणूस बघतोय. काय मिस्त्री, पोरगी चालंल का?"

मिस्त्रींनी बिडीचा धूर बाजूला सोडला. "मालक तुमी हाय. फकस्त माझ्या हत्यारांना हात लावायचा न्हाई."

अण्णा माणूस खट्याळ. शिवाय मनगट दुखत होतं. म्हणाले, "हे बघ पोरी. ह्या शिंगरानं आजवर तीन मिस्त्री परत धाडल्यात. चार वाजता भंगारवाला येतोय, त्याला उचलून द्यायचं ठरलंय. त्याच्या आधी तू चालू केलंस तर उद्यापासनं कामावर ये. न्हाई जमलं तर चहा पिऊन जा."

चहा! मला चहाचा इतका वीट आला होता की मी ताबडतोब हो म्हणाले.

घड्याळात एक वाजला होता.

माझ्या पिशवीत एक पक्कड, एक स्क्रू-ड्रायव्हर आणि एक प्लगपाना, एवढंच होतं. प्लग काढला, वायर जोडून बाहेरच इंजिनाच्या अंगाला टेकवला आणि चाक फिरवलं. टचकन निळी ठिणगी पडली. पेट्रोल येत होतं. प्लगच्या भोकावर अंगठा धरून पाहिलं तर हवेचा दाब असा की अंगठा उडाला. म्हणजे इंजिन ठणठणीत होतं. ठिणगी होती, इंधन होतं, दम होता. आणि तरीही दोरी ओढली की हिसका.

याचा अर्थ एकच. पिस्टन वर पोचायच्या जरासं आधी ठिणगी पडावी, हा नियम. पण ती फारच लवकर पडली तर वर चढणाऱ्या पिस्टनच्या थोबाडीत स्फोट होतो, आणि इंजिन उलटं फिरतं. दोरीच्या टोकाला जो कोणी असेल त्याची मग खैर नाही.

मी म्हणाले, "टायमिंग पुढं गेलंय."

ज्ञानू मिस्त्री घमेल्यावरून उठलेच. "टायमिंग? टायमिंग म्या सोता लावलंय! एकदा न्हाई, तीनदा! त्या दुसऱ्या मिस्त्र्यांनी बी तेच लावलं. ही बघ लाल खूण चाकावर. ही बघ खाच, चाकामागच्या डब्यावर. लाल खूण खाचंसमोर आली की आतले पॉइंट उघडायला पायजेत. हे मशीन आणलं तवा त्या फार्मच्या सायबानं मला दावलेलं हाय. लाल खूण! ध्यानात ठिवलंय म्या."

हिरव्यागार रंगवलेल्या त्या फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाच्या जाड चाकावर, खरंच एक लाल रेघ होती. उभी, ठसठशीत.

"मिस्त्री, बिडीच्या बंडलाचा कागद द्याल का जरा?"

पेटी त्यांनी छातीशी धरली, पण कागद दिला. मी त्याचा बारीक तुकडा केला, चाकातल्या खिडकीतून आतल्या दोन पॉइंटांमध्ये अडकवला आणि हलकेच ओढत चाक सावकाश फिरवलं. पॉइंट मिटलेले असेपर्यंत कागद घट्ट असतो, उघडले की सुटतो, आणि ठिणगीही त्याच क्षणी पडते. कागद सुटला तेव्हा लाल रेघ खाचेच्या बरोब्बर समोर होती. एक केस इकडेतिकडे नाही.

मी तीनदा करून पाहिलं. तीनही वेळा तेच. अंधुक दिसणाऱ्या डोळ्यांनी म्हाताऱ्यानं ते असं लावलं होतं की आमच्या इन्स्ट्रक्टरांनी वर्गाला दाखवायला नेलं असतं.

"कळलं का?" मिस्त्री खाली बसले.

मला काहीच कळलं नव्हतं. लिंबाखाली दादा घड्याळाकडे बघायचे आणि मी बघते आहे असं दिसलं की सायकलच्या घंटीकडे बघायचे. माझ्या डोळ्यांसमोर शिलाईच्या क्लासची पायरी येऊन गेली.

तेवढ्यात चहा आला. आणला तो हौसाकाकींनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं. मोठं कुंकू, मोठा आवाज, आणि चालणं असं की कुंड्यांनीही वाट द्यावी.

"ही का मिस्त्रीण?" त्या म्हणाल्या. "अगं बया, केवढीशी हाय! आधी चहा घे. तो मेला ट्रॅक्टर कुठं पळतोय? पळत न्हाई हेच तर रडगाणं हाय."

अण्णांसकट सगळे हसले. मीही हसले, आणि हसताहसता विचारलं, "काकी, पण हा असा कधीपासून करतोय?"

"गेल्या खंडेनवमीपासनं! आदल्या दिशी त्याला नवा रंग दिला, दुसऱ्या दिशी हार घालून पूजा केली, दसरा झाल्यावर मिस्त्रींनी आत नवं पॉइंट बसवलं, आणि तवापासनं ह्याची नाटकं. मी ह्यांना म्हटलं, दृष्ट लागली. लिंबू बी उतरून टाकलं."

खंडेनवमी म्हणजे दसऱ्याचा आदला दिवस. घरातली, शेतातली सगळी अवजारं धुऊन पुसून त्या दिवशी पुजायची, ही आमच्याकडची रीत.

"रंग कुणी दिला होता?"

"गड्यांनी. बादली भरून हिरवा ऑइलपेंट हुता. दिला सगळ्याला, चाक, टाकी, सीट. सीट चार दिवस चिकटत हुती," अण्णा म्हणाले.

मी कप खाली ठेवला. खुणेवर विश्वास ठेवायचाच नाही, असं मनाशी ठरवलं. खूण माणसानं केलेली असते. पिस्टन कुठे आहे ते पिस्टनलाच विचारायचं.

"मिस्त्री, एक बारीक, सरळ सळई पाहिजे. प्लगच्या भोकातून आत जाईल अशी."

"हाय की पेटीत."

"द्याल?"

"न्हाई."

अण्णा म्हणाले, "मिस्त्री, आता द्या की." मिस्त्रींचे पेटीवरचे हात जसेच्या तसे.

आणि मग लिंबाखालून दादा उठले. सायकल आडवी केली, माझ्या पिशवीतली पक्कड घेतली आणि पुढच्या चाकाचा एक स्पोक सोडवायला बसले. त्या सायकलला दादा आईपेक्षा जास्त जपायचे, हे आईच सांगायची. दर रविवारी तिला तेल, फडकं, पंप. तिच्या चाकाचा स्पोक त्यांनी काढला, सदऱ्याला पुसला आणि माझ्या हातात दिला.

"दादा, चाक वाकडं होईल."

"हू दे. सरळ करायला तू हाईसच."

मी स्पोक डोळ्यांसमोर धरून सरळ आहे ना ते पाहिलं.

मिस्त्री पुटपुटले, "सायकलचा स्पोक म्हंजे काय हत्यार हाय?"

मी स्पोक भोकातून अलगद आत सोडला. तो पिस्टनच्या डोक्यावर टेकला. चाक हळूहळू फिरवलं तसा स्पोक वर येऊ लागला, वर, आणखी वर, मग क्षणभर थांबला आणि परत खाली निघाला. तो थांबला ती जागा मी चाकावर खडूनं नोंदली. मग चाक मागे घेऊन लाल रेघ खाचेसमोर आणली, स्पोकवर नखानं खूण धरली, आणि पाहिलं.

पिस्टनला वर पोचायला अजून चांगला सेंटीमीटर बाकी होता. अशा इंजिनात असावा तीनेक मिलीमीटर.

"अण्णा," मी म्हणाले, "ही खूण खोटी आहे."

"आँ?"

"खरी दुसरी कुठंतरी आहे."

स्पोकला तीन मिलीमीटर बाकी राहतील एवढं चाक मी फिरवलं आणि खाचेसमोर काय येतंय ते पाहिलं. हिरवा रंग. लाल रेघेपासून दोन बोटं अलीकडे, नुसता गुळगुळीत हिरवा रंग. रॉकेलचा बोळा घेतला, आठ आण्याच्या नाण्याची कड लावली आणि खरवडायला लागले. एक पापुद्रा निघाला. त्याखाली आणखी एक निघाला. आणि मग लोखंडात कोरलेली एक बारीक रेघ उघडी पडली. तिच्या खाचेत जुना लाल रंग अजून भरलेला होता.

ज्ञानू मिस्त्री वाकले. नाक जवळजवळ चाकाला लागलं. बोटानं ती रेघ चाचपली. किती तरी वेळ चाचपत राहिले.

"हीच," ते म्हणाले. "सायबानं दावलेली हीच. कोरलेली हुती. हाताला लागायची."

"मग ही दुसरी लाल रेघ कुणी ओढली?" अण्णांनी विचारलं.

हौसाकाकी रिकामे कप गोळा करत होत्या. एक कप त्यांच्या हातून बशीवर आदळला.

"अगं बया!" त्या म्हणाल्या. "तो तर माझा टिळा!"

"टिळा?"

"पूजंला कुंकू लावलं, तर त्या ऑइलपेंटावर टिकंना. पुसून जायला लागलं. दसरा पुढं, आणि मशीन बिनकुंकवाचं दिसायला लागलं. तुळशीवृंदावनाला आणलेला लाल रंग हुता घरात. काडी बुडवली आणि ओढला उभा टिळा! मी जिथं उबी हुते तिथनं समोर दिसल असा."

अण्णा काकींकडे बघत राहिले. मग त्यांनी चाकाकडे पाहिलं, मग आपल्या सुजलेल्या मनगटाकडे. आणि ते जे हसायला लागले ते खालीच बसले. "वर्षभर," ते म्हणत होते, "वर्षभर चार मिस्त्री माझ्या बायकोच्या टिळ्यावर टायमिंग लावत बसले! आणि मी लिंबं उतरतोय!"

"मला काय ठावं?" हौसाकाकी फणकारल्या, पण पदर तोंडाशी गेला होता. "दोन बोटं अलीकडं लावला असता तर देवानंच लावला म्हणून पाया पडला असता!"

दादा हसत होते, लांब उभे दोन गडी हसत होते. हसत नव्हते ते एकटे ज्ञानू मिस्त्री. ते पेटीचं कुलूप उघडत होते नि लावत होते. त्यांच्याकडे पाहून माझं हसू आटलं. चाळीस वर्षांचं काम, आणि ते एका टिळ्यापायी गड्यांसमोर हसण्यावारी जात होतं.

मी मोठ्यानं म्हणाले, "अण्णा, मिस्त्रींचं काम बिनचूक होतं. त्यांनी खुणेला जे लावलं ते मी तीनदा तपासलं, केसाचाही फरक नाही. लाल खूण सांगितली होती, लाल खूण समोर होती. खूणच हलली, त्याला मिस्त्री काय करणार? आता खऱ्या खुणेला त्यांनीच लावावं. तेवढं अचूक मला नाही जमणार."

ही शेवटची ओळ खोटी होती. मला जमलं असतं. पण त्या एका खोट्याचं मला आजवर वाईट वाटलेलं नाही.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मग पेटी उघडली.

आम्ही दोघं बसलो. चाक काढलं, आतली पॉइंटांची पाटी पार एका टोकाला सरकवलेली होती ती त्यांनी सैल केली. मी चाक तात्पुरतं बसवून खुणेवर धरायचे, कागद ओढायचे, आणि "सुटला" म्हणायचे. ते चाक उतरवून पाटी सुताभरानं हलवायचे. असं पाच वेळा. पाचव्या वेळी कागद सुटला आणि कोरलेली रेघ खाचेसमोर होती. साडेतीन वाजले होते.

आता प्रश्न आला, दोरी ओढायची कुणी?

अण्णांनी मनगट पाठीमागे लपवलं. गडी आंब्याच्या कलमांकडे बघायला लागले. मी दोरी गुंडाळली, पाय रोवला. दादा एक पाऊल पुढे आले आणि थांबले. मनातल्या मनात मी शिंगराला म्हणाले, बाबा, आजच्या दिवस तेवढी लाथ मारू नकोस. आणि ओढली.

फट. नुसती फट, पण दोरी सरळ माझ्या हातात आली. हिसका नाही. पुन्हा गुंडाळली, पुन्हा ओढली, आणि शिंगरू सुरू झालं! फटफटफटफट, गोल, सरळ, एकसारखं. सायलेन्सरमधून आधी काळा धूर आला, मग निळसर, मग काहीच नाही. सीटवरची पानं थरथरून खाली पडली.

हौसाकाकींनी टाळ्या पिटल्या. अण्णा धोतर खोचून सीटवर चढले आणि निघाले ते थेट गुलाबाच्या वाटेनं, चिकूच्या वाटेनं, पाण्याच्या टाकीला वळसा घालून परत. गडी ओरडत मागे पळत होते. दुसऱ्या फेरीला अण्णांनी काकींना मागच्या गाडीत बसवलं. "लोक बघतील की!" म्हणत काकी बसल्या, आणि तिसऱ्या फेरीलाही उतरल्या नाहीत. चार वाजता भंगारवाला आला तेव्हा फाटकात त्याला ही वरात दिसली. त्याला तुळशीचं एक रोप देऊन परत पाठवलं.

मी दादांकडे पाहिलं. ते सायकलच्या पुढच्या चाकाशी उगाचच काहीतरी करत होते. पाठ माझ्याकडे होती आणि खाकी बाहीनं ते डोळे पुसत होते.

अण्णा उतरले, इंजिन बंद केलं, आणि जरा गंभीर होत म्हणाले, "उद्या आठ वाजता ये. उशीर चालणार न्हाई." मग मिस्त्रींकडे वळून, "चालंल न्हवं?"

मिस्त्री बिडी पेटवत होते. म्हणाले, "आठला न्हाई. साडेसातला. हत्यारं पुसायची असत्यात."

तीन आठवड्यांनी खंडेनवमी आली. शिंगरू धुऊन लख्ख केलं होतं, या वेळी रंग नाही. शेडमध्ये सतरंजीवर हत्यारांची रांग मांडली होती. ती दर वर्षी ज्ञानू मिस्त्री स्वतः मांडायचे, पक्कड, पाना, हातोडी, कानस, ठरलेल्या जागी. दादांनाही अण्णांनी मुद्दाम बोलावलं होतं. ते त्याच सायकलवरून आले, पुढच्या चाकात एक जागा रिकामीच. मी नवा स्पोक आणून ठेवला होता, पण ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. गावात लोक इचारतात, एक स्पोक कुठं गेला. सांगायला बरं वाटतंय."

हौसाकाकी ताट घेऊन आल्या. फ्लायव्हीलपाशी थांबल्या, हातात लाल रंगाची काडी, आणि मला हाक मारली, "शालन, ये गं. कुठं लावू ते दाव. न्हाईतर परत वर्षभर माझ्या नावानं शिमगा." मी कोरलेल्या रेघेवर बोट ठेवलं. त्यांनी जीभ दातांत धरून, अगदी बेतानं, त्या रेघेतच टिळा ओढला.

मग त्या रांगेकडे वळल्या. एकेका हत्याराला हळदकुंकू लावत शेवटच्या कानशीपर्यंत गेल्या आणि ताट उचलायला लागल्या.

"मालकीणबाई, थांबा," ज्ञानू मिस्त्री म्हणाले.

ते गुडघ्यावर हात देऊन वाकले. आपला पाना जरा डावीकडे सरकवला, हातोडी जरा उजवीकडे. मध्ये चार बोटं जागा झाली. मग कोटाच्या आतल्या खिशातून फडक्यात गुंडाळलेला, तेल लावून पुसलेला दादांच्या सायकलचा तोच स्पोक काढला आणि त्या जागेत ठेवला.

"ह्या हत्याराला टिळा राहिला," ते म्हणाले.